‘पूर्णतः स्वरचित’ खाली सही करू का?

ताई, नमस्कार.

मी नाशिकच्या सिडकोत राहतो. वय २४. कीबोर्ड वाजवतो, लग्नाच्या-हळदीच्या ऑर्डरी करतो. यंदा रंगपंचमीला रहाडीवर, म्हणजे आमच्याकडे ज्यात उड्या मारतात त्या रंगीत पाण्याच्या हौदावर, एक गाणं केलं. शब्द मित्राचे, चाल आणि अरेंजमेंट माझी. रीलवर इतकं चाललं की मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचा फोन आला. आता करार आलाय. त्यात लिहिलंय, ‘सदर गीताची चाल व संगीत पूर्णतः स्वरचित असून त्यात इतर कोणाच्याही रचनेचा अंश नाही.’ तिथे माझा पेन अडकलाय.

कारण खरं सांगायचं तर मुखड्याची चाल माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओवीची आहे. आजी दिंडोरी तालुक्यातली. अंतऱ्यात एक जागा सत्तरच्या दशकातल्या एका हिंदी सिनेमाच्या गाण्यासारखी लागते, हे आमच्या ढोलकीवाल्यानं दाखवलं (गाण्याचं नाव सोबत लिहिलंय). शपथेवर सांगतो, मी मुद्दाम घेतलेली नाही. मधल्या पीसमध्ये चार सेकंद क्लॅरिनेट आहे, ते १९७८ च्या एका रेकॉर्डवरून उचललंय. ढोलाचा लूप नेटवरचा.

ढोलकीवाला म्हणतो, सगळे मोठे संगीतकार हेच करत आले, कर सही. वडील म्हणतात, चोरीचा माल आहे, काढून टाक. ‘माझ्या आईची ओवी पिऊन नाचायला लावलीस’ असंही म्हणाले, आणि तेव्हापासून बोलत नाहीत. मी स्वतःला संगीतकार म्हणवून घ्यायचं की नाही?

– अडकलेला, सिडको

* * *

सही करू नकोस. ते वाक्य आहे तसं असेपर्यंत तरी नाही. आणि गाणंही काढून टाकू नकोस. आता निवांत बोलू.

तू पाठवलेलं गाणं ऐकलं. कोरसमध्ये ‘धप्पा’ म्हणायच्या आधी तू अर्धी मात्रा सगळं बंद केलंयस, ढोलसुद्धा. रहाडीच्या काठावरून उडी घेतलेला माणूस पाण्यात पडेपर्यंत जेवढा हवेत असतो, तेवढाच तो वेळ आहे. तिवंधा चौकात नाहीतर शनी चौकात गर्दीत उभं राहून ज्यानं हे पाहिलंय त्यालाच ते सुचणार. ती अर्धी मात्रा तू कुणाकडून घेतलेली नाहीस. तेव्हा तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’. म्हणवून घे खुशाल.

घोळ वेगळाच आहे. तू, ढोलकीवाला आणि वडील, तिघांनीही चार निरनिराळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यात. मग एक म्हणतो सगळं चालतं, दुसरा म्हणतो सगळी चोरी, आणि तू मध्ये रात्र-रात्र जागतोस. गाठोडं सोडू.

क्लॅरिनेट काढ. यात चर्चेला जागा नाही. ‘चार सेकंद चालतात’, ‘आठ सुरांपर्यंत माफ असतं’, हे आपल्याकडे प्रत्येक स्टुडिओत कुणी ना कुणी ठासून सांगतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं एकही कलम नाही. रेकॉर्डवरचा तुकडा उचललास की तू एकाच वेळी दोन हक्कांना हात लावतोस. एक ध्वनिमुद्रणाचा, जो रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीकडे प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो. दुसरा चालीचा, जो संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९७८ ची रेकॉर्ड २०३८ संपेपर्यंत परवानगीशिवाय वापरता येणार नाही. तेव्हा तू चाळिशीच्या जवळ असशील.

आणि आपल्यावर तशी वेळ येते तेव्हा आपल्याला कसं लागतं ते आठव. २००२ साली अमेरिकेत एक गाणं गाजलं, त्याच्या बुडाशी लता मंगेशकरांचा आवाज सरळ उचलून ठेवला होता. १९८१ च्या ‘ज्योती’ सिनेमातलं गाणं, संगीत बप्पी लाहिरींचं. तिथे कुठेही नाव नाही, गाव नाही. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं आणि बप्पीदांचं नाव लावल्याशिवाय ती सीडी विकायला कोर्टानं मनाई केली. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या होत्या. तुझ्या क्लॅरिनेटवाल्याच्या बाजूनं टाळ्या वाजवणारं कुणी नाही, एवढाच फरक.

पण नुसतं काढून भोक ठेवू नकोस. लग्नाच्या बँडमधला एखादा जुना क्लॅरिनेटवाला गाठ. सीझन संपला की हे लोक मोकळे असतात, आणि त्यांच्या फुंकीत जो थोडा फाटका, उन्हात उभं राहून वाजवलेला सूर असतो तोच तुला हवा होता, म्हणून तर तुझा हात त्या रेकॉर्डकडे गेला. त्याला तोच तुकडा वाजवायला मात्र लावू नकोस. तेच सूर पुन्हा वाजवून घेतले तर रेकॉर्डिंगचा प्रश्न सुटतो, चालीचा तसाच राहतो. त्याला तुझा मुखडा ऐकव, म्हणावं यावर तुमच्या मनानं चार सेकंद भरा.

ढोलाचं सोपं आहे. ठेका कुणाच्या बापाचा नाही. आपला नाशिक ढोल केरळात पोहोचलाय, कर्नाटकच्या किनाऱ्यावर पोहोचलाय. तिथली पथकं मिरवणुकीत तो वाजवतात आणि त्याला नाशिकच्याच नावानं ओळखतात. इथल्या कुणी त्यांना नोटीस पाठवलेली नाही, पाठवूही नये. पण ठेका वेगळा आणि लूपची फाइल वेगळी. ती फाइल कुणीतरी वाजवली, कुणीतरी मुद्रित केली. ‘फ्री’ लिहिलेले कितीतरी लूप धंद्याच्या कामासाठी फ्री नसतात. खालची बारीक अक्षरं वाच. दुसरं असं की तोच लूप आणखी कुणी स्वतःच्या गाण्यात वापरून ते गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (सारखा आवाज आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत) नोंदवलं असेल, तर तुझ्या गाण्यावर त्याचा क्लेम येऊन बसेल. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, घाबरायचं कारण नाही. क्लेममध्ये बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे समोरच्याकडे वळतात. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनलच बंद होतं. पण नाशिकच्या पोरानं नाशिक ढोलासाठी नेटवरच्या कुठल्या तरी माणसाशी भांडायचं, हे जरा हास्यास्पद नाही का? गणपतीच्या आधी गोदाकाठी पथकांचे सराव सुरू होतात. माइक घेऊन जा. त्यांच्याकडून दोन ओळींची लेखी परवानगी घे, मानधन दे.

आता अंतरा. इथे मी बराच वेळ घालवला, कारण तुझ्या पत्रातला हा भाग मला सर्वांत प्रामाणिक वाटला.

‘मुद्दाम घेतलेली नाही’ हे मी मानते. कोर्टही कदाचित मानेल, आणि तरी तुझ्या विरुद्ध निकाल देईल. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं असंच झालं. १९७० साली त्यानं ‘माय स्वीट लॉर्ड’ केलं, तुफान गाजलं. पुढे १९६३ च्या एका गाण्याच्या मालकांनी दावा लावला. १९७६ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की हॅरिसननं जाणूनबुजून चोरलं असं नाही, ते गाणं त्याच्या अंतर्मनात होतं आणि तिथून आलं; पण नक्कल ती नक्कलच. कान काय साठवून ठेवतात ते आपल्याला विचारून ठेवत नाहीत. तू हळदीच्या ऑर्डरीत ते सिनेमाचं गाणं किती वेळा वाजवलं असशील?

म्हणून हेतू बाजूला ठेव, सूर बघ. मी तुझा अंतरा आणि ते गाणं एका पट्टीत, एका लयीत, शब्द काढून पेटीवर पाठोपाठ वाजवलं. तुझी ओळ आहे, ‘पाणी थंडगार, काठावर मी, आता मागं कशी फिरू’. चढताना ग म प ध नी सां, उतरताना कोमल नी, ध, प. ही खमाजची रोजची वाट. ठुमरीत आहे, भजनात आहे, निम्म्या लावण्यांत सापडेल. इथपर्यंत तू आणि तो संगीतकार दोघंही एकाच हमरस्त्यावर चाललात, कुणी कुणाचं देणं लागत नाही. २०२३ मध्ये एड शीरन न्यूयॉर्कच्या कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला आणि तेच चार कॉर्ड किती गाण्यांत आहेत ते वाजवून दाखवलं. ज्युरीनं त्याच्या बाजूनं कौल दिला तो अशाच मुद्द्यावर. रस्ता सगळ्यांचा.

पण दुसऱ्या वेळी ‘काठावर’ म्हणताना तू कोमल निषादावर दोन मात्रा थांबतोस आणि धैवत, पंचम, मध्यम सगळे गाळून थेट गंधारावर उडी टाकतोस. ही उडी सहजासहजी गळ्यात येत नाही. दहा जणांना म्हणायला लाव, सात जण बेसूर होतील. त्या जुन्या गाण्यात ती नेमकी तशीच आहे, तेवढ्याच मात्रांचा थांबा घेऊन. ती जागा त्यांची. तुझ्या ढोलकीवाल्याचा कान तयार आहे, त्याबद्दल त्याला चहा पाज. सल्ला मात्र त्याचा घेऊ नकोस.

किती सूर सारखे आहेत हे मोजत बसण्यात अर्थ नाही. २००८ मध्ये राम संपत यांनी एका मोबाइल फोनच्या जाहिरातीसाठी केलेली छोटी धून ‘क्रेझी ४’ या सिनेमाच्या गाण्यांत आल्याची तक्रार केली. धून ती केवढीशी. पण ऐकणाऱ्याला ओळखू येते ती तीच, असं मुंबई उच्च न्यायालयाला प्रथमदर्शनी पटलं, त्या गाण्यांसकट सिनेमा प्रदर्शित करायला मनाई झाली आणि निर्मात्यांना तडजोड करावी लागली. त्याच्याही कितीतरी आधी, १९७८ मध्ये, एका नाटकावरून सिनेमा उचलल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं साधी कसोटी सांगून ठेवलीय: कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते, आणि दोन्ही पाहिलेल्या सर्वसाधारण माणसाला ‘हे त्याचंच’ असं वाटलं, तर ती नक्कल. तेव्हा संगीतातल्या लोकांना विचारू नकोस. आईला, शेजारच्या काकूंना, किराणावाल्याला नुसत्या कीबोर्डवर ती ओळ ऐकव आणि ‘काठावर’पाशी हात उचल. पुढचं ते काय गुणगुणतात ते बघ. मला खात्री आहे, सिनेमाच गुणगुणतील.

आणि हे ठरवणं अवघड असतं यात लाज वाटून घेऊ नकोस. अलीकडेच ए. आर. रहमान यांच्या एका गाण्यावरून डागर घराण्यातल्या गायकांनी दावा केला. राग सगळ्यांचा, पण त्या रागातली विशिष्ट बंदिश कुणाची, असा तो झगडा. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी डागरांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला, सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं तो रद्द केला. मोठमोठ्या वकिलांच्या फौजा असताना ही गत. तू सिडकोतल्या खोलीत एकटा.

जागा बदल. पण एक सूर इकडे, एक तिकडे अशी मलमपट्टी करू नकोस. ती लगेच कळते आणि गाणंही लंगडं होतं. शब्दांकडे परत जा. बाई काठावर उभी आहे, पाणी थंड आहे, मागं फिरायची सोय नाही. मग तू तिला गंधारावर सुखरूप उतरवतोस कशाला? तिला पंचमावरच ठेव, लांब ठेव, ओळ पुरी झाल्यासारखी वाटूच देऊ नकोस. पुढे तुझी ती अर्ध्या मात्रेची शांतता येतेच आहे, आणि मग ‘धप्पा’. उडी तिथे पडू दे. मी पेटीवर करून पाहिलं, चांगलं लागतं. हे घेतलंस तर मला श्रेय नको, सल्ला सदराचं मानधन मिळतं.

ढोलकीवाल्याच्या ‘सगळे मोठे हेच करत आले’ याचं काय? अर्धं खरं आहे. सी. रामचंद्र आपल्या पुणतांब्याचे. ‘समाधी’तलं त्यांचं ‘गोरे गोरे’ हे १९४५ च्या एका अमेरिकन सिनेमातल्या गाण्यावरून आलं. सलील चौधरींनी १९६१ च्या ‘छाया’त मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीचा मुखडा घेतला. दोन्ही गाणी मला आवडतात. पण मोझार्ट १७९१ मध्ये गेला होता, त्याच्यावर कुणाचा हक्क उरला नव्हता आणि कान असलेल्या कुणालाही ते कळत होतं. पहिल्या बाबतीत तसं म्हणता येणार नाही. सी. रामचंद्रांवरच्या प्रेमापायी मी ते झाकणार नाही.

मला त्या दोघांपेक्षा आणखी मागे जायचंय. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० चं, ‘सौभद्र’ १८८२ चं. मराठी माणूस ज्याला आपलं अस्सल संगीत म्हणतो त्याची सुरुवातच उसन्या चालींवर झाली: कुठे कानडी पदाची चाल, कुठे लावणीची, कुठे साकी-दिंडीची कीर्तनातून आलेली. पुढे ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या त्या ख्यालाच्या बंदिशींवरून. आणि आता गंमत बघ. जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक उघड. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात लिहिलेलं असतं: राग अमुक, ताल तमुक, आणि ‘चाल –’ म्हणून ज्या गाण्यावरून घेतली त्याचे पहिले दोन-तीन शब्द. चार आण्याच्या पुस्तकात हे सगळं कबूल केलेलं. प्रेक्षकांना त्याचं काहीच वाटत नव्हतं, उलट मूळ चाल ठाऊक असलेला माणूस पुढच्या रांगेत मान डोलवत बसायचा.

भीमगीतांचंही तेच. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले. त्या पिढीतल्या शाहिरांनी, गायन पार्ट्यांनी कितीदा तरी सिनेमाची चाल उचलली, कारण चाल आधीच घरोघर पोहोचलेली होती आणि त्यांना शब्द पोहोचवायचे होते. ऐकणाऱ्या वस्तीला मूळ गाणं माहीत असायचं. लपवायचं काही नव्हतंच. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या रामाची, कृष्णाची चित्रं अशी पडद्यावर कधी दिसतील, हा ध्यास घेतला. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यातूनच आला, आणि हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. बोटभर घेतलं तरी सांगून घेतलं.

तुझ्या करारातलं वाक्य नेमकं याच्या उलट आहे. ते तुला ‘चाल –’ची ओळ खोडायला सांगतंय.

मात्र एक इशारा, नाहीतर तू याचा सोयीचा अर्थ काढशील. नाव लावणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. हक्क जिवंत असलेल्या गाण्याखाली ‘अमुक यांना सादर अर्पण’ लिहिलंस तर कोर्टात तो तुझा कबुलीजबाब ठरेल. म्हणून क्लॅरिनेट काढायचं आणि अंतरा बदलायचा, त्यांना नाव लावून भागणार नाही.

ओवीचं तसं नाही. ओवी कायद्यानं मोकळी आहे. तिची कर्ती कुणाला माहीत नाही, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. कुणी तुझ्यावर दावा लावणार नाही. आणि तरीही मी सगळ्यांत कडक इथेच होणार आहे.

तू ‘पूर्णतः स्वरचित’खाली सही केलीस की त्या मुखड्याची चाल कागदोपत्री तुझी, आणि करारानं कंपनीची. कंपनी गाणं कंटेंट आयडीत टाकेल. उद्या दिंडोरीचीच एखादी मुलगी स्वतःच्या आजीला जात्यावर बसवून तीच ओवी फोनवर टिपेल, चढवेल, आणि मशीन तिला सांगेल की हे कंपनीच्या मालकीचं आहे. ज्यावर एकट्याचा हक्क नाही ते तिथे स्वतःचं म्हणून द्यायचं नसतं, असा यूट्यूबचाही नियम आहे. पण तूच सांगितलं नाहीस तर मुंबईत बसलेल्या माणसाला कळणार कुठून? चोरी म्हणायचीच असेल तर ही. आजीकडून तू काही चोरलं नाहीस. पुढच्या नातीच्या हातचं मात्र काढून घेशील.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तिथे ओवीसोबत बाईचं नाव येतं, गाव येतं, तालुका येतो. ओवी तिनं रचलेली नाही हे ठाऊक असूनही. तू तेवढं कर. ‘मुखडा: जात्यावरील पारंपरिक ओवीवर आधारित’ आणि पुढे आजीचं पूर्ण नाव, गावासकट. ‘माझी आजी’ एवढ्यावर भागवू नकोस. त्यात तुझं काय, हेही लिही, कारण ते कमी नाही. जात्यावरची ओवी तालात नसते, ती हाताच्या फेऱ्याबरोबर चालते, दम लागला की थांबते. तू तिला केरव्याच्या आठ मात्रांत बसवलंस आणि तरी दुसऱ्या ओळीच्या शेवटी श्वासाची जागा सोडलीस. ते संगीतकाराचं काम आहे.

राहिले वडील. त्यांचं वाक्य तू जसंच्या तसं लिहिलंस हे बरं केलंस. त्यात सिनेमाचं गाणं नाही, क्लॅरिनेट नाही. ‘पिऊन नाचायला लावलीस’ एवढंच आहे. तुला वाटलं ते कॉपीबद्दल बोलतायत. ते त्यांच्या आईबद्दल बोलतायत. पहाटे अंधारात घरघर चालू असताना अंथरुणात पडून ऐकलेला आवाज त्यांच्यासाठी काय असेल, याचा अंदाज तुला नाही, मलाही नाही. श्रेयनामावलीत नाव घातल्यानं हे मिटणार नाही, हे आधीच सांगते.

पण तुझ्या अख्ख्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही. तू आजीला गाणं ऐकवलंस का?

ऐकव. फोनच्या स्पीकरवर नको, नीट. आणि तिला काय वाटतं ते ऐकून घे, वडिलांच्या समोर. जात्यावर बायकांनी फक्त विठ्ठल-रखुमाई गायलेली नाहीत. सासूला, नणंदेला, नवऱ्याला जे जे सुनावलंय ते तू रीलवर टाकलंस तर कंपनीच घाबरेल. आजी कदाचित हसेल. कदाचित म्हणेल, ही ओवी नको, दुसरी देते. तसं झालं तर मुखडा बदल, कंपनीचा फोन परत आला नाही तरी चालेल. तिचा शब्द या बाबतीत कायद्याच्या वरचा. जाताना रेकॉर्डर घेऊन जा आणि तिला आठवतात त्या सगळ्याच ओव्या उतरवून घे. गाण्यासाठी नव्हे, घरासाठी.

आता करार. त्यात आणखी एक कलम असेल, बहुधा शेवटून दुसऱ्या पानावर: कुणी दावा केला तर नुकसानभरपाई संगीतकारानं द्यायची. ‘पूर्णतः स्वरचित’ आणि हे कलम जोडून वाच, म्हणजे कळेल की ते गोड वाक्य तिथे कशासाठी आहे. कंपनीला सांग की ‘सोबतच्या परिशिष्टात नमूद केलेला पारंपरिक भाग वगळता’ हे शब्द त्यात घाला. परिशिष्टात ओवी, आजीचं नाव, पथकाची परवानगी, क्लॅरिनेटवाल्याची पावती. व्यवस्थित कंपनी याला नाही म्हणत नाही, उलट तिचा वकील सुटकेचा श्वास टाकतो. नाही म्हणाली, तर त्यांना गाणं हवंय की तुझी मान, हे तूच ठरव.

शिवाय दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेव. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कराराच्या जोरावर काढून घेता येत नाही, ‘एकरकमी घ्या आणि सोडा’ म्हणाले तरीही. ती वसूल करायला इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासद व्हावं लागेल, दोघांनीही अर्ज करा. आणि हक्क विकले तरी रचनाकार म्हणून नाव लागण्याचा तुझा हक्क कलम ५७ नुसार तुझ्याकडेच राहतो. करार वकिलाला दाखव. सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाबाहेर जी पहिली पाटी दिसेल तिथे शिरू नकोस, कॉपीराइटचं काम केलेलाच शोध. फी जाईल, जाऊ दे.

कंपनीला मेल करायच्या आधी शब्द लिहिणाऱ्या मित्राला सगळं वाचून दाखव. पत्रात तू त्याचा उल्लेख एकदाच, तोही जाता जाता केलायस. कराराच्या मसुद्यात त्याचं नाव आहे की नाही हे आज रात्रीच तपास.